'बियॉण्ड द सी' : स्कलीने न ऐकलेला निरोप

सांजवात

आधीच सांगते, पुढे सगळी गोष्ट उघड केली आहे. 'द एक्स-फाइल्स'च्या पहिल्या सीझनचा तेरावा भाग ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी तो पाहावा आणि मग इथे यावं.

ही मालिका मी शाळेत असताना केबलवर बघायचे. मल्डर आणि स्कली हे एफबीआयचे दोन अधिकारी विचित्र, न उलगडलेल्या प्रकरणांचा तपास करतात; तो अशा गोष्टी मानणारा, ती डॉक्टर आणि पुरावा मागणारी. रात्री, आवाज बारीक करून, बाबा झोपलेत ना याची खात्री करून. तेव्हा मी पूर्णपणे मल्डरच्या बाजूची. स्कली मला आडमुठी वाटायची. डोळ्यांसमोर एवढं घडतंय आणि ही आपली शवविच्छेदनाचे अहवाल वाचत बसलीये! गेल्या महिन्यात मालिका पुन्हा पहिल्यापासून लावली आणि 'बियॉण्ड द सी'पाशी अडकले. आतापर्यंत चारदा पाहिला. बाबांना जाऊन दहा महिने झाले, हे कारण आहेच. पण तेवढं एकच कारण नाही.

हा भाग अमेरिकेत ७ जानेवारी १९९४ ला दाखवला गेला. लेखन ग्लेन मॉर्गन आणि जेम्स वाँग या जोडीचं, दिग्दर्शन डेव्हिड नटरचं. सुरुवात अगदी घरगुती. नाताळ होऊन गेलाय, स्कलीचे आईवडील तिच्याकडे जेवायला आलेत, झाड अजून उतरवलं नाही यावरून बापलेकीची थट्टा चाललीये. वडील नौदलात कॅप्टन. ते तिला स्टारबक म्हणतात, ती त्यांना एहॅब. निघता निघता वडील कामाबद्दल विचारतात, ती 'छान चाललंय' म्हणते आणि विषय तिथेच संपतो. मुलीने डॉक्टरकी सोडून एफबीआयची वाट धरली हे त्यांना पटलेलं नाही, आणि हे दोघांनाही ठाऊक आहे. त्याच रात्री ती सोफ्यावर झोपून जाते. जाग येते तर समोरच्या खुर्चीत वडील बसलेले. ओठ हलताहेत, आवाज नाही. तेवढ्यात फोन वाजतो. आई सांगते, बाबा गेले, तासाभरापूर्वी.

इथपर्यंत पाच मिनिटंही झालेली नसतात.

मग गुन्हा. नॉर्थ कॅरोलिनात कॉलेजची दोन मुलं पळवली गेलीत. तिथल्या तुरुंगात ल्यूथर ली बॉग्ज नावाचा खुनी मृत्युदंडाची वाट बघतोय. त्याचं म्हणणं, मला मेलेल्यांचं ऐकू येतं, मुलं कुठे आहेत ते सांगतो, माझा जीव वाचवा. याच बॉग्जला पकडताना मल्डरने त्याचा मानसिक आराखडा बांधून दिला होता, त्यामुळे मल्डर त्याला आतून-बाहेरून ओळखतो. आणि मालिकेत पहिल्यांदाच मल्डर म्हणतो, हा खोटारडा आहे. तो पुरावा म्हणून कापडाचा एक तुकडा बॉग्जच्या हातात देतो, बॉग्जच्या अंगात येतं, तो कळवळून काय काय सांगतो. सगळं झाल्यावर मल्डर शांतपणे म्हणतो, हा माझ्या टीशर्टचा तुकडा आहे, त्या मुलांचा याच्याशी काही संबंध नाही. आणि निघून जातो. स्कली मागे एक क्षण रेंगाळते. बॉग्ज गाणं गुणगुणायला लागतो. वडिलांच्या अंत्यविधीला वाजलेलं, बॉबी डॅरिनचं, भागाला ज्याच्यावरून नाव मिळालं तेच. ती वळते तर बॉग्जच्या जागी वडील. "माझा निरोप मिळाला का, स्टारबक?"

यातलं ती मल्डरला काहीही सांगत नाही.

तपासाचा मधला भाग चांगला आहे, पण तो आवरता घेते. बॉग्जच्या बोलण्यातल्या खुणा स्कलीला रस्त्यात दिसत जातात, मुलगी सापडते, मल्डरला गोळी लागते, बॉग्ज एका मद्याच्या कारखान्याबद्दल सावध करतो आणि त्याने स्कलीचा जीव वाचतो, मुलगाही सुटतो. मला बोलायचंय ते शेवटाबद्दल. बॉग्ज तिला म्हणतो, वडिलांचा निरोप आज रात्री देईन. माझ्या मरणाची साक्षीदार म्हणून ये.

ती जात नाही. हॉस्पिटलात मल्डरच्या उशाशी बसून राहते. आधी सगळ्याचा शास्त्रीय खुलासा करते: बॉग्जला माझी माहिती काढता आली असेल, गेलेलं माणूस दिसणं ही शोकात होणारी गोष्ट आहे वगैरे. मल्डर विचारतो, एवढं पाहिल्यावरही तुला विश्वास का ठेवता येत नाही? ती म्हणते, मला भीती वाटते. विश्वास ठेवायची भीती वाटते. तो म्हणतो, मग वडिलांना काय सांगायचं होतं ते तुला कधीच कळणार नाही, तरीही? ती म्हणते, कळलंय मला. कसं? "ते माझे वडील होते."

हेच शब्द आधी तिच्या आईच्या तोंडी येऊन गेलेले असतात. समुद्रात रक्षा सोडताना स्कली आईला विचारते, बाबांना माझा थोडा तरी अभिमान होता का? आई फक्त म्हणते, ते तुझे वडील होते. तिथे हे उत्तर टाळल्यासारखं वाटतं. हॉस्पिटलात तेच उत्तर मुलगी स्वतःचं म्हणून देते. मला या भागात दिसलेला तिचा सगळा प्रवास या दोन वाक्यांच्या मधला आहे. आईकडून मिळालेलं वाक्य तिला आधी पुरत नाही, शेवटी पुरतं.

लहानपणी मला वाटलेलं, घाबरली आणि गेली नाही. आता तसं वाटत नाही. माझ्या फोनमध्ये बाबांची एक व्हॉइस नोट आहे, बावीस सेकंदांची. ते गेले त्या दिवशी दुपारी पाठवलेली. मी मीटिंगमध्ये होते, नंतर ऐकू म्हटलं. अजून ऐकलेली नाही. लोक म्हणतात, ऐक म्हणजे मोकळं वाटेल. या भागानंतर मला पहिल्यांदा वाटलं की न ऐकणाऱ्या माणसाकडेही काही कारण असू शकतं.

तुम्हाला काय वाटतं? स्कलीने जायला हवं होतं का?

कोयनाकाठ

सुरेख लिहिलंय. व्हॉइस नोटबद्दल काही बोलायचा मला अधिकार नाही, म्हणून मल्डरबद्दल लिहितो. त्याच्यावर या भागात अन्याय होतो असं बरेच जण म्हणतात. एरवी काहीही मानणारा माणूस इथेच का अडला, लेखकांनी सोयीसाठी उलटवला, वगैरे. मला तसं वाटत नाही.

मल्डर भोळा कधीच नव्हता. त्याची बहीण १९७३ मध्ये त्याच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली, तेव्हापासून त्याला जगात आणखी काही असावं लागतं, कारण ते नसेल तर बहीण परत येण्याची वाटच बंद. त्याचा विश्वास त्या जखमेतून येतो. बॉग्जपाशी त्याची जखम नाही, तिथे त्याला फक्त माणूस ओळखता येतो, आणि त्याने ओळखलेला बॉग्ज म्हणजे स्वतःच्या कुटुंबाला थँक्सगिव्हिंगच्या जेवणावेळी गळे दाबून मारून नंतर टीव्हीवर सामना बघत बसलेला माणूस. स्कलीची जखम मात्र ताजी आहे, म्हणून तिला तिथे आवाज ऐकू येतो. जिथे ज्याचं माणूस हरवलंय तिथे तो मानायला तयार होतो. श्रद्धाळू आणि संशयवादी अशी दोन लेबलं बारा भाग लावून ठेवली होती, ती लेखकांनी इथे काढून टाकली आणि खाली माणसं निघाली.

आणखी एक. या भागात मल्डर तिला डेना म्हणतो. एरवी कायम स्कली. आपल्याकडे ऑफिसात वर्षानुवर्षं आडनावाने हाक मारणारा माणूस सुतकात घरी येऊन नावाने बोलतो तेव्हा जे होतं, ते त्या हाकेत आहे.

प्रयोगवही

मी वेगळं मत मांडते. स्कलीचा शेवटचा शास्त्रीय खुलासा इथे सगळेच 'मनाची समजूत' म्हणून बाजूला ठेवतात. मला तो गंभीरपणे घ्यावासा वाटतो. पळवणारा लुकास हेन्री हा बॉग्जचा जुना साथीदार. दोघांनी मिळून बेत रचला असेल तर ठिकाणं, खुणा, सगळं बॉग्जला ठाऊक असणारच. मल्डरचा पहिल्यापासून हाच संशय आहे आणि भाग तो कुठेही खोटा पाडत नाही. टीशर्टच्या परीक्षेत बॉग्ज सरळसरळ नापास झाला, हेही विसरू नका.

वडिलांचा चेहरा? तो आपल्याला स्कलीच्या नजरेतून दिसतो. त्या कोठडीत तिसरं कुणी असतं तर त्याला काय दिसलं असतं, हे दाखवलेलं नाही. दिग्दर्शकाने ही शिस्त शेवटपर्यंत पाळली आहे.

मात्र एक गोष्ट मला सुटत नाही, तीही प्रामाणिकपणे लिहिते. चौदाव्या वर्षी तिने आईची सिगारेट चोरून रात्री अंगणाच्या पायरीवर ओढली होती, त्या वेळचा थरार आणि धाक, हे बॉग्ज तिला सांगतो. हे कुठल्या फाइलीत असणार? 'स्टारबक' तरी कुठे लिहिलेलं असणार? म्हणजे माझा खुलासा ऐंशी टक्के पुरतो आणि वीस टक्के उघडा राहतो. स्कलीचाही तेवढाच उघडा राहतो, आणि ती तो तसाच ठेवून उठते. वैज्ञानिक माणूस असाच असतो. जे कळलं नाही ते 'कळलं नाही' म्हणून वहीत लिहून ठेवायचं. म्हणून मला ती या भागात बदलली असं वाटत नाही, ती जास्त खरी झाली.

सांजवात

@प्रयोगवही, 'भीती वाटते' हे वैज्ञानिकाच्या वहीत कुठे बसवाल? मला तेच वाक्य सगळ्यात मोठं वाटतं. आधीच्या बारा भागांत ती 'पुरावा नाही' म्हणते. इथे पहिल्यांदा सांगते की पुरावा असूनही मी मागे सरले, कारण मला भीती वाटली.

@कोयनाकाठ, हाकेचं लक्षातच आलं नव्हतं. पाचव्यांदा बघणं आलं.

प्रयोगवही

मान्य. ते वाक्य माझ्या खुलाशात बसत नाही.

दर्यावर्दी

माझे वडील बोटीवर होते, आजोबाही. म्हणून टोपणनावांबद्दल थोडं.

एहॅब आणि स्टारबक ही नावं 'मोबी-डिक'मधली, १८५१ ची कादंबरी. एहॅब म्हणजे पांढऱ्या देवमाशाच्या सूडाने पेटलेला कप्तान. स्टारबक त्याच्या हाताखालचा पहिला अधिकारी, आमच्याकडे ज्याला चीफ ऑफिसर म्हणतात तो. सगळ्या जहाजावर कप्तानाला तोंडावर 'हे चूक आहे' म्हणणारा एकटा स्टारबक. कप्तानाला संपवायची संधी हातात बंदूक घेऊन त्याच्यासमोर येते, तेव्हाही त्याच्याने होत नाही. विरोध करतो आणि निष्ठाही सोडत नाही.

आता विचार करा, हे नाव बापाने मुलीला दिलंय. लाडाने दिलं असेल, गोष्ट वाचून दाखवताना दिलं असेल. पण पुढे ती खरोखरच स्टारबक झाली. बापाने आखलेली वाट सोडून एफबीआयमध्ये गेली, आणि तिथे तिला मल्डरच्या रूपाने दुसरा एहॅब भेटला. तिसऱ्या सीझनमधल्या 'क्वॅग्मायर'मध्ये दोघं रात्री तळ्यातल्या खडकावर अडकतात, तेव्हा ती मल्डरला हे स्पष्ट सांगते की तू एहॅब आहेस. तो प्रसंग बघताना मला कायम हा भाग आठवतो. जिच्या आयुष्यात 'एहॅब' हा शब्द म्हणजे बाप, तिने तो दुसऱ्या कुणासाठी वापरावा, ही साधी गोष्ट नाही.

घरातल्या बोटीवरच्या माणसाशी बोलणं कसं असतं तेही सांगतो. नऊ नऊ महिने माणूस नसतो. आला की पहिले दोन दिवस सगळे गोड बोलतात. 'कसं चाललंय?' 'छान.' माझं आणि बाबांचं निम्मं संभाषण एवढंच होतं. भागाच्या सुरुवातीला जो प्रसंग तुम्हाला तुटक वाटला, तो आमच्या घरात रोजचा होता आणि त्यात माया कमी नव्हती.

निळी शाई

जरा विरोधी सूर लावू का? भाग मलाही आवडतो, पण याचा सांगाडा 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज'चा आहे हे कुणीच म्हटलं नाही. १९९१ चा सिनेमा, तरुण एफबीआय अधिकारी स्त्री, वडिलांच्या मृत्यूची जखम, तुरुंगातला बुद्धिमान खुनी, माहितीच्या बदल्यात सौदा. मालिकेचा जनक क्रिस कार्टर याने स्कली घडवताना ती नायिका डोळ्यांसमोर होती हे सांगितलेलंच आहे. मग यात नवं काय?

लिहिता लिहिता माझं मलाच उत्तर सापडलं, तेही टाकते. त्या सिनेमातला कैदी मरणाला भीत नाही, म्हणून तो वरचढ. बॉग्ज मरणाच्या भीतीने फाटलेला आहे. त्याला एकदा गॅस चेंबरच्या खुर्चीपर्यंत नेऊन शेवटच्या क्षणी परत आणलेलं असतं. त्या वेळी आपण मारलेली माणसं आपल्याला दिसली, त्यांचं भय आपल्या अंगात शिरलं, हे तो सांगतो तेव्हा बॉग्ज झालेल्या ब्रॅड डुरिफचा चेहरा बघा. या नटाला १९७५ च्या 'वन फ्ल्यू ओव्हर द ककूज नेस्ट'साठी ऑस्करचं नामांकन होतं, आणि इथे एका खोलीत, बेड्या घातलेल्या अवस्थेत, तो पाच-सहा माणसं होऊन दाखवतो. आवाज बदलतो, मान बदलते, डोळ्यांतलं पाणी तेवढं बदलत नाही.

म्हणजे या खोलीत दोन घाबरलेली माणसं समोरासमोर आहेत. एकाला मरणाची भीती, दुसरीला मरणानंतर काही असेल याची. सिनेमात ते नव्हतं.

मल्डरला गोळी लागल्यावर स्कली बॉग्जवर जी तुटून पडते, तो मेला तर तुझा जीव घ्यायला मी स्वतः बटण दाबीन म्हणते, तिथे स्कली झालेली गिलियन अँडरसन पंचविशीची आहे हे खरं वाटत नाही. त्याआधीच्या भागांत तिला एवढं मोठं काम कुणी दिलंच नव्हतं.

प्रयोगवही

अवांतर : एक कच्चा दुवा. आई सांगते की क्यूबाची नाकेबंदी संपवून वडील परतले, हे गाणं वाजत होतं, आणि बोटीवरून उतरून त्यांनी तिला तडक लग्नाची मागणी घातली. ती नाकेबंदी १९६२ च्या अखेरची. डेनाचा जन्म फेब्रुवारी १९६४ चा, आणि पुढच्या भागांत तिला थोरला भाऊ आणि थोरली बहीण दोघंही आहेत. हिशेब बसत नाही. हा भाग लिहिताना भावंडांचा विचार झालेला नसणार. गाण्याचा प्रसंग मात्र मला इतका आवडतो की मी तो हिशेब करायचा सोडून दिला.

रातराणी

धागा सकाळपासून वाचतेय. सगळे लेकीबद्दल, बापाबद्दल, खुन्याबद्दल बोलताहेत. मला त्या आईबद्दल लिहायचंय.

मार्गारेट स्कली. शीला लार्किन या अभिनेत्रीने केलीये. भागात तिला मोजून तीन-चार प्रसंग आहेत. रात्री दीड-दोनला फोन तिने करायचा. रक्षा समुद्रात सोडताना उभं तिने राहायचं. आणि मुलगी विचारते काय, तर 'त्यांना माझा अभिमान होता का?' ज्या बाईचा नवरा आत्ता लाटांवर गेला तिला हा प्रश्न! ती मुलीला रागावत नाही. हो, खूप होता, असं खोटंही बोलत नाही, कारण नवरा तसं कधी बोललाच नसावा. त्याच्या वतीने बोलायचं ती नाकारते आणि जे नक्की ठाऊक आहे तेवढं सांगते. मी माझ्या आईला असं करताना पाहिलंय. आजोबा गेले तेव्हा मामा तिला खोदून खोदून विचारत होता, अण्णा माझ्याबद्दल काय म्हणाले शेवटी? आई म्हणाली, तुझं नाव घेतलं की कूस बदलायचे. एवढंच. तिने त्यात एक शब्द घातला नाही.

आणि बॉग्ज नेमकं उलट करतो. तो मेलेल्या माणसाच्या वतीने बोलायला तयार आहे, पण किंमत घेऊन.

सांजवातताई, म्हणून एक सांगू? राग मानू नका. आपल्या भाषेत निरोप हा एकच शब्द आहे, सांगून पाठवलेल्या गोष्टीलाही आणि कायमचं जाताना घेतात त्यालाही. मला वाटतं तुमच्या मनात हे दोन एकमेकांत अडकलेत. स्कलीने निरोप नाकारला असं मला नाही वाटत, तिने निरोप्या नाकारला. बापाचा आवाज तिला खुन्याच्या तोंडून, त्याच्या मरणाच्या खोलीत, त्याच्या अटीवर ऐकायचा नव्हता. तुमच्या फोनमध्ये मधे कुणी नाही. तुमच्या बाबांनी स्वतः बटण दाबून, तुमच्यासाठी, स्वतःच्या आवाजात पाठवलंय ते. ऐका म्हणत नाही. पण स्कलीचं कारण तुमचं कारण होऊ शकत नाही.

दर्यावर्दी

+१. रातराणी, अण्णांचं कूस बदलणं डोक्यातून जाणार नाही.

कोयनाकाठ

यापुढे लिहायला नको वाटत होतं, पण धाग्यात एक गोष्ट राहून जाईल म्हणून लिहितो. दुसऱ्या सीझनमध्ये 'वन ब्रेथ' नावाचा भाग आहे, तोही १९९४ चाच, लेखक हेच दोघे. स्कली बेशुद्ध, जगण्या-मरण्याच्या मधे. तिथे वडील येतात. वडिलांचं काम करणारा डॉन डेव्हिसच पुन्हा, नौदलाच्या गणवेशात. आणि या वेळी त्यांना आवाज आहे. 'बियॉण्ड द सी'च्या सुरुवातीला खुर्चीत नुसते ओठ हलले होते, आता ते स्टारबक म्हणून हाक मारून तिच्याशी सविस्तर बोलतात. आयुष्य किती थोडं वाटलं ते सांगतात. आपण पुन्हा भेटू, पण आत्ता नाही, असं म्हणून तिला मागे पाठवतात.

म्हणजे लेखकांनी तिला तो निरोप दिला. बॉग्जशिवाय, फुकट, दहाएक महिन्यांनी.

सांजवात

सगळ्यांचे आभार. रातराणी, राग कसला. दोनदा वाचलं आणि मग फोन घेऊन गॅलरीत जाऊन बसले. नोट ऐकली नाही.

आईला फोन केला. बाबांची अशी अशी नोट आहे आणि मी ती ऐकलेली नाही, हे दहा महिन्यांत तिला सांगितलंच नव्हतं. तिला त्रास होईल म्हणून, असं मी मला सांगत होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, त्या दुपारी मी स्वयंपाकघरात होते, ते बाहेर फोनवर काहीतरी बोलत होते, कुणाशी ते मला आजवर कळलं नव्हतं. मग म्हणाली, "तुला नसेल ऐकायची तर राहू दे. मला ऐकव."

ती नोट तिलाही हवी असेल हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीने तिच्याकडे जातेय. 'वन ब्रेथ' शनिवारी रात्री बघते.